आमच्या मामाच्या कमरेच्या चाव्या

“खोटं! साफ खोटं, मास्तर! त्या मशिनीले डोकं आलं ना, तर पहिले ते तुमालेच फाटकाबाहेर काढन!”

मामा इंजिनापेक्षा मोठ्यानं ओरडत होता, आणि अनसिंगच्या कापसाच्या जिनातलं ते ऑइल इंजिन पार आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावात ऐकू जायचं. झालं एवढंच होतं, की विलायतेत हिशेब करणारं यंत्र निघालंय, उद्या ते विचारही करील, असं मास्तरांनी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं होतं.

“अहो, यंत्राला हाव कुठे असते?” मास्तर म्हणाले.

“हाव कायले लागते? त्याले सांगा, कापसातली सरकी काढ. ते म्हणन, सरकी काढाची तर मले चालू राहा लागते. चालू राहाचं तर बंद करणाऱ्याचा हात आडवा नाई पाह्यजे!”

यंत्रावर इतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नव्हता, आणि जिनातलं इंजिन चालवायचा तोच. भाकर खातानाही डावा हात तेलाच्या तोटीवर. लग्नात यांनी मला हार एकाच हातानं घातला, असं मामी शपथेवर सांगायची.

मामाला नेमलं होतं फक्त इंजिन चालू ठेवायला. पण इंजिनाला तेल लागतं, म्हणून त्यानं तेलाच्या कोठीची चावी मागून घेतली. तेल गाडीनं येतं, म्हणून फाटकाची. गडी वेळेवर यावेत, म्हणून भोंग्याच्या खोलीची. शेवटी कुणी उगाच इंजिन बंद करू नये, म्हणून तोटीलाच कुलूप ठोकलं. तो चालला की जुडगा असा वाजे, की बैल घुंगरांची गाडी आली समजून वाट देत. खुद्द शेठजी आपल्याच जिनात शिरताना बाहेरून खाकरायचे.

मी तेव्हा तिथं रुई भरायला होतो. एका दुपारी इंजिनाच्या पट्ट्यात एका गड्याचं धोतर अडकलं. शेठजी धावले, तर तोटीला कुलूप! आणि मामा तिकडे फाटकावर गाडीवानाशी भांडून राह्यला. धोतर जुनं होतं म्हणून फाटलं. माणूस वाचला, नेसूचं तेवढं गेलं.

मामा धापा टाकत आला. त्यानं गड्याकडे पाहिलं, कुलूप काढलं, इंजिन बंद केलं. शेठजी एवढंच म्हणाले, “मामा, चाव्या.”

सगळं जिन हातातलं काम टाकून गोळा झालं. आता महाभारत होणार, अशी आमची खात्रीच. चाव्या गेल्यावर मामाचं जिनात उरणार काय? उद्या शेठजी घरीही बसवतील. मामानं करगोट्याची गाठ सोडली आणि जुडगा शेठजींच्या हातावर ठेवला.

घरी जाताना मला राहवेना. “मामा, काहून देल्ल्या?”

“मांगतल्या त्यायनं,” मामा म्हणाला.