घाटावरचं बंदर

आमच्या घरात देवावरून कधी वाद झाला नाही आणि राजकारणावरून तर नाहीच नाही. बाबा आणि मामा एकाच पक्षाला मत देतात आणि निकालानंतर जोडीने त्याला शिव्या घालतात. भांडायला त्यांना दोन अम्युझमेंट पार्क पुरतात. दोघांपैकी एकही जण जन्मात साध्या आकाशपाळण्यात बसलेला नव्हता, पण बिनलग्नाचा माणूस संसारावर बोलतो तसे दोघे बोलायचे, भरभरून आणि अगदी खात्रीने.

एक पार्क आंबोलीचा घाट चढून गेल्यावर पुढे तासाभरावर. ते घाटावरचं. दुसरं आरोंद्याहून खाडी ओलांडली की गोव्याच्या हद्दीत. ते खाडीकडचं. बाबा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, पक्के घाटवाले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, कणकवलीत हार्डवेअरचं दुकान चालवतो. तो खाडीवाला. का, तर बाबा घाटवाले आहेत म्हणून. बाबा उद्या खाडीकडे वळले तर मामा त्याच दिवशी घाट चढेल.

तीन वर्षांपूर्वी दोन्ही पार्कांनी एकाच महिन्यात नवीन झोन जाहीर केले. घाटावरचे लोक बांधणार होते चाच्यांचं बंदर. त्यात फुटकं जहाज, फायबरचे मासे, आणि जहाजाच्या पोटातून आरपार जाणारा मोठा रोलर कोस्टर. खाडीकडचे बांधणार होते हिमालय. म्हणजे जिथे समुद्र नाही तिथे समुद्र, आणि जिथे घामाने गंजीफ्रॉक सुटत नाही तिथे बर्फ. मालवणचा समुद्र आमच्यापासून एसटीने तासाभरावर, आणि बाबा बंदर बघायला घाट चढणार. आई म्हणाली, "काखेत कळसो नि गावाक वळसो." ती या विषयावर एवढंच बोलली आणि कुळथाची पिठी ढवळायला गेली.

मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. संध्याकाळी सुटल्यावर मामाच्या दुकानात डोकावायचे, तर बाबा सिमेंटच्या गोणीवर बसलेले असायचे, हातात फोन आणि डोळ्यांवर चष्मा. घाटातून रोज जाणारा एक कंडक्टर पार्कच्या कुंपणातून दिसेल तेवढ्याचे फोटो घाटवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. एका फोटोवर त्यांचा आठवडा निघायचा. मामा दोन बोटांनी फोटो मोठा करणार आणि धंद्यातला माणूस असल्यामुळे आधी लोखंड बघणार.

"भावोजी, ह्यो बघा गंज. खांब उभे करून सा म्हयने नाय झाले, तर तांबूस पडले. ह्येंका रेडऑक्साइड मारूक नाय."

"तो गंज न्हय, तो रंग आसा. जुना बंदर दाखवचा आसा तर खांब जुने दिसाक नको?"

"म्हणजे पैसे मोजून गंज लावतत?"

"त्येका थीम म्हणतत," बाबा म्हणाले.

मग बाबांची पाळी. खाडीकडच्या हिमालयात एक याक उभा केला होता. बाबांनी तो फोटो पेपर तपासावा तसा तपासला. "ह्यो याक? ह्यो आमच्या वाडीतलो रेडो. वरसून काथ्यो चिकटवल्यानी आसा." गिऱ्हाईक बिजागऱ्या मागत काउंटरशी उभं होतं, त्यालाही मत विचारण्यात आलं. त्याने फोटो बघून रेडोच म्हटलं आणि मामाने त्याला बिजागऱ्या संपल्या म्हणून सांगितलं.

घाटवाल्यांची चूक मात्र बाबा मामाला सापडू द्यायचे नाहीत, आधी स्वतः दुरुस्त करायला धावायचे. बंदरातल्या एका फायबरच्या पापलेटला कुणीतरी करवतीसारखे दात बसवले होते. बाबांनी पार्कच्या व्यवस्थापकांना शुद्ध मराठीत पत्र लिहिलं, की पापलेट हा अत्यंत सालस मासा असून त्यास असे दात नसतात. सोबत पेन्सिलीने काढलेली आकृती. महिन्याने फोटो आला तर दात घासून काढलेले. बाबांना सेवेत असताना आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला नव्हता, ती सगळी कसर त्या पापलेटाने भरून काढली.

इथपर्यंत मला सगळी गंमतच वाटत होती. निवृत्त माणसाला काहीतरी लागतं. कुणी भजन करतो, कुणी सुनेवर लक्ष ठेवतो, बाबा रोलर कोस्टरचे खांब मोजतात. मग एके दिवशी ते मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाले, "मामाक सांगू नको. पण थंयसर एक नियम आसा."

पार्कच्या वेबसाइटवर त्यांनी वाचलं होतं. पासष्ट वर्षं पूर्ण झालेल्यांना कोस्टरवर बसता येणार नाही. बाबांना तेव्हा त्रेसष्ट चालू होतं.

मी हसून म्हटलं, "मग काय? तुम्हाला थोडंच बसायचं आहे?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "वीसेक वरसां थंयसर सहली नेलंय मी. दर वरसा पोरांका वर सोडायचंय नि खाली पिशव्यो घेऊन उभो रवायचंय. पन्नास पिशव्यो, पन्नास पाण्याचे बाटले. पोरां किंचाळत खाली येयत, नि मी डोकी मोजी. रिटायर झालंय तर म्हटलंय आता बसतलंय, तर लॉकडाउन. तो सोपलो तर जुनो कोस्टर काढून टाकल्यानी. माका एकदा बसाचा आसा गो."

त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. चहात साखर कमी पडली तरी गप पिऊन टाकणारा माणूस. मला त्या दिवशी स्वतःच्या हसण्याची लाज वाटली. मामाला न सांगण्याचं कारण मला न विचारताच कळलं. खाडीकडे असला काही नियम नव्हता, आणि घाटवाल्यांत खोट आहे हे मेव्हण्यापुढे कबूल करण्यापेक्षा बाबांनी जीभ चावून घेतली असती.

तेव्हापासून घरात दोन घड्याळं चालू झाली. एक बंदराचं, एक बाबांचं. घाटावर पाऊस पडायला लागला की बांधकामावर निळं प्लास्टिक चढायचं ते चार महिने. बाबा त्या निळ्या प्लास्टिकचे फोटोसुद्धा मोठे करून बघायचे. गावच्या जत्रेला त्यांनी गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकाराच्या कानात काही सांगितलं. गावकाराने खड्या आवाजात देवाला विनवलं, की बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान जा काम हाती धरल्यान आसा, ता येळेत पुरा होऊ दे. सगळ्यांनी मिळून म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मामा तर सगळ्यात मोठ्याने. आपण शत्रूच्या रोलर कोस्टरसाठी देवाला साकडं घालतोय याची त्याला काही कल्पना नव्हती.

देवाने अर्धवट ऐकलं. उद्घाटन पाडव्याला ठरलं होतं ते अक्षय्य तृतीयेवर गेलं, तिथून सरकत जूनच्या पहिल्या रविवारी येऊन टेकलं. आणि बाबांची जन्मतारीख एक जून.

खरं तर ती नाहीच. आमची आजी सांगायची, बाबा झाले ते नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. पण शाळेत नाव घालताना त्या काळच्या गुरुजींना पौर्णिमा वगैरे विचारायला वेळ नव्हता. जून महिन्यात शाळा सुरू, म्हणून सगळ्यांचा जन्म एक जूनचा. बाबांनी स्वतः गुरुजी झाल्यावर नोकरीच्या सुरुवातीला हेच केलं, अर्धा तालुका एका दिवसात जन्माला घातला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. देहाने त्यांना अजून अडीच महिने होते, पण आधार कार्डावर ते त्या रविवारच्या चारच दिवस आधी पासष्ट पूर्ण करत होते.

"आधार कोण बघता?" बाबा म्हणाले. आईकडून केस काळे करून घेतले. इस्त्रीचा शर्ट खोचला. आरशात बघून म्हणाले, "अठ्ठावन." आई म्हणाली, "कान सोडून."

त्या रविवारी आम्ही तिघं निघालो. बाबा, मी आणि मामा, जो फक्त नावं ठेवायला येत होता. एसटीत मला बाई म्हणून अर्धं तिकीट. कंडक्टरने बाबांकडे बघून "ज्येष्ठ का?" विचारलं, तर बाबा ताठ बसून म्हणाले, "फुल." मामा बघतच राहिला. सरकार स्वतःहून अर्धं माफ करतंय आणि हा माणूस नको म्हणतो, हे दुकानदाराच्या काळजाला सहन होण्यासारखं नव्हतं. सावंतवाडीला गाडी बदलली तेव्हाही बाबांनी फुलच काढलं. मामा घाटभर गप्प होता. मला वाटलं, वळणं लागली असतील.

पार्कच्या दारात मी बायकांच्या बाथरूमच्या रांगेत अडकले. परत आले तोवर मामा तिकिटं काढून हसत उभा होता. बाबा घरी विसरतात म्हणून त्यांच्या आधारचा फोटो मामाच्या फोनमध्ये कायम असतो. तो त्याने खिडकीवर दाखवला होता. "चार दिसांपूर्वीच पासष्ट झाले," त्याने मला अभिमानाने सांगितलं. "सवलत घेतलंय. भावोजींका काय कळता?"

माझ्या आणि मामाच्या मनगटावर निळा कागदी पट्टा होता. बाबांच्या पिवळा. बाबा फाटकाशी उभे राहून जहाजाकडे बघत होते, मनगटाकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मी मामाला एक वाक्य आधी सांगितलं असतं तर हे टळलं असतं, आणि ते सांगायला मला दोन वर्षं मिळाली होती.

कोस्टरच्या रांगेत आम्ही तासभर उभे होतो. बाबा मास्तरांसारखे सगळं समजावत होते. साखळी कुठे ओढते, जहाजात कुठे शिरतो. मामा म्हणत होता, "गंज, गंज." मला पट्ट्याबद्दल तोंड उघडायचा धीर झाला नाही. वाटलं, सुटेल एखादेवेळी नजरेतून. दाराशी उभ्या असलेल्या बाईने बाबांचं मनगट धरलं.

"काका, पिवळा पट्टा चालत नाही. पासष्टच्या वरचे."

बाबांनी पट्ट्याकडे बघितलं, मग मामाकडे. मग ते शाळेतल्या मराठीत बोलायला लागले. "त्याचं असं आहे बाई, माझी खरी जन्मतारीख वेगळी आहे. पूर्वी शाळेत गुरुजी सरसकट एक जून लिहीत असत..."

"माझीपण एक जूनच आहे काका," ती म्हणाली. वाईट वाटून म्हणाली. "पण मागे लाईन आहे."

मामाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्याला आता फुल तिकीट कळलं, काळे केस कळले, सगळं एकदम कळलं. बाबांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "पिशव्यो द्या. तुमी जावा. मी खाली उभो रवतंय."

मामाला दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर चक्कर येते. तरी तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि दांडा छातीवर पडल्यावर पुटपुटला, "मेलंय." साखळी आम्हाला वर ओढत गेली. टोकावर गाडी क्षणभर थांबली आणि मग खाली सुटली. मामा ओरडला. पहिली ओरड भीतीची होती. जहाजात शिरलो तेव्हाची नव्हती. दोन पोरांचा बाप, सिमेंटचा डीलर, माझा हात घट्ट धरून मोठ्याने हसत होता.

खाली आलो. बाबा तीन पिशव्या खांद्याला लावून कठड्याशी उभे. "कसो होतो?"

मामाने चेहरा सरळ केला. "फालतू. येकदम फालतू. माझ्या दुकानातली शिडी याच्यापेक्षा बरी."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "विशेष नाही हो बाबा." इतकं खोटं मी ऑफिसातही कधी बोलले नाही.

परतताना आंबोलीला उतरून टपरीवर भजी घेतली. मामा थांबायला तयार नव्हता. खांब हलतात, जहाज प्लायवुडचं, पैसे पाण्यात, तुमी बसलात नाय ताच बरा झाला. बाबा भजी खात ऐकत होते. मामाचं सगळं संपल्यावर त्यांनी हात पुसले आणि पिशवीतून पुठ्ठ्याचं पाकीट काढलं. बाहेर पडताना कोस्टरवरचे फोटो विकायचा एक काउंटर असतो, तो आमच्या लक्षातही आला नव्हता. ते त्याच काउंटरजवळ पिशव्या घेऊन उभे होते.

फोटोत मी डोळे मिटलेले. शेजारी मामा, तोंड उघडं, कपाळावरचे केस उभे, सगळे दात बाहेर.

"फालतू होतो," बाबा म्हणाले, "तर दात कित्याक काढलंस?"

मामाने फोटो पाकिटात परत सरकवला. मग मान खाली घालून म्हणाला, "भावोजी, माका म्हायती नव्हता. देवाशपथ."

"ता जाव दे. कसो होतो ता सांग. पयल्यापासून."

मामाने सांगितलं. साखळी सांगितली, वरून दिसणारा डोंगर सांगितला, जहाजातला काळोख सांगितला. बाबा मध्ये मध्ये विचारत होते, "डावीकडे वळता मां?" आणि मामा म्हणत होता, "व्हय, डावीकडेच." मग तो पहिल्या उतारापाशी आला आणि अडला. "थंयसून खाली सुटता तेव्हा हयसर पोटात..." त्याने पोटावर हात ठेवला. "ता सांगूक येणा नाय, भावोजी. ता बसलेल्याकच कळता."

बाबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"प्रयत्न कर," ते म्हणाले.