बत्तीस पत्ते आणि एक पेटी

मी तेरा वर्षांची असताना अप्पांनी मला पहिल्यांदा तलवारींच्या पेटीत बसवलं. माझ्याआधी आई बसायची. तिची कंबर धरली आणि पेटी माझ्याकडं आली. आता मी चौतिशीत आहे आणि पेटी आहे तेवढीच आहे. वडील जादूगार म्हटलं की लोकांना भारी कौतुक वाटतं. त्यांनी एकदा गुडघे हनुवटीला लावून बसावं, अंगाजवळून सात तलवारी जाऊ द्याव्यात आणि मग बोलावं.

आठवडाभर मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात मशिनींची वेळापत्रकं लावायची. सुट्टीच्या दिवशी लग्न नाहीतर शाळेचं गॅदरिंग, म्हणजे पुन्हा पेटी. पुण्यातली नोकरी चालून आली तेव्हा अप्पा नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

"जा की," ते म्हणाले. "पर पेटीच्या तोडीचा एक खेळ माज्या हातात दे आन् मग जा. नुसत्या रुमालावर मला कोन बोलावतंय?"

पुण्याला पोचायला मला महिनाभराची मुदत होती. मी कॉम्प्युटरला कामाला लावलं. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खायचा, दुसऱ्या हातानं प्रोग्रॅम लिहायचा. सुरुवातीला त्यानं काढलेले खेळ गणितात अचूक होते, पण बघणाऱ्याला घोरायला लावतील असे. पत्ते सतरा वेळा मोजा, अकरावा उलटा ठेवा, पुन्हा मोजा! शेवटी मी त्याला बजावलं, की प्रेक्षकानं फक्त पत्ता घ्यायचा, बाकी डोकं आपलं. तेव्हा कुठं एक क्रम हाती लागला. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतचे बत्तीस पत्ते त्यानं असे लावले होते, की लागोपाठच्या कुठल्याही पाच पत्त्यांतली लाल-काळ्याची ओळ दुसरीकडं कुठंच तशी येत नव्हती. पत्ते हवे तितक्या वेळा काटा, क्रम मोडत नाही. पाच जणांनी ओळीनं एकेक पत्ता घ्यायचा, लालवाल्यांनी नुसता हात वर करायचा, की अप्पा पाचही पत्ते नावानिशी सांगणार.

अप्पांनी सत्तराव्या वर्षी बत्तीस ओळी पाठ केल्या. दाढी करताना, चहा पिताना पुटपुटायचे. घरी एकदाही चुकले नाहीत. मी बॅग भरायला घेतली.

पहिला प्रयोग होटगीकडच्या एका लग्नात ठरला. पेटी सवयीनं टेम्पोत होतीच. अप्पांनी पाच जणांना स्टेजवर ओळीनं उभं केलं. पहिले मुलीचे वडील, शेवटचे मुलाचे मामा. मुलीच्या वडिलांनी वरचा पत्ता घेतला आणि पाहिलासुद्धा नाही. तसेच चालत टोकाला गेले आणि दोन्ही हातांनी तो मामांच्या हातात दिला.

"मान तुमचा, पावनं. आमच्या आदी तुमी."

गड्डी फिरत फिरत शेवटी मामांकडं आली, तेव्हा त्यांनी आपल्या वाट्याचा पत्ता तितक्याच अदबीनं मुलीच्या वडिलांकडं धाडला. दोन्हीकडचे खूश झाले. पहिला पत्ता पाचव्याकडं, पाचवा पहिल्याकडं, म्हणजे लाल-काळ्याची ओळच बदलली. मुलाकडच्यांना टाकून मुलीचा बाप स्वतः आधी काही घेईल, असं आमच्याकडं होत नाही, आणि हे मी कॉम्प्युटरला सांगायला विसरले होते. मी, इथंच जन्मलेली!

हात वर झाले. अप्पांनी पाच पत्ते सांगितले. पाचही चुकले. मंडपात कुणीतरी शिट्टी मारली. अप्पांनी हसून हात जोडले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पेटी आना."

दोन मिनिटांत मी आत होते. पहिली तलवार खांद्याजवळून गेली तेव्हा मला रडू फुटलं. बाहेर टाळ्या चालू होत्या.

परत येताना टेम्पोत मी विचारलं, "अप्पा, पत्ते बदललेले तुम्हाला दिसले नाहीत?"

"दिसलं की. पन्नास वर्सं लोकांचे हातच बगतोय मी."

"मग? दोन पत्ते मनात फिरवून घ्यायचे होते. नाहीतर पुन्हा घ्या म्हणायचं."

मला त्यांचा इतका राग आला, की टेम्पो थांबवून उतरावंसं वाटलं. मग त्यांनी विचारलं, आवाज अजिबात न चढवता, "आन् तू? तू तर पाच पावलांवर उभी हुतीस. तू का न्हाय बोललीस?"

मला खरंच दिसलं होतं. तोंड उघडायला भरपूर वेळही होता. "अप्पा, थांबा," एवढंच म्हणायचं होतं, आणि मी तिथं उभी राहून मामांच्या फेट्याकडं बघत बसले होते.

सोमवारी मी चिंचोळीच्या बसमध्ये चढले. पुण्याला येत नाही, हे बसमध्येच टाइप केलं, तीन ओळींत, आणि उतरायच्या आत पाठवून दिलं.