कागदावर झालेली सभा

ती सभा झालीच नव्हती. एवढं एक वाक्य मी वेळेवर बोललो असतो तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं, म्हणून आधी तेच लिहितो.

आमचा सेवा क्लब तालुक्याच्या गावातला. डॉक्टर, व्यापारी, दोन वकील आणि मी, शाळेत मराठी शिकवणारा. मी कायमचा सचिव, कारण अर्ज-अहवाल लिहायचा बाकीच्यांना कंटाळा. त्या वर्षी डॉक्टर अध्यक्ष होते. त्यांनी मनावर घेतलं होतं की उंद्रीच्या पलीकडच्या एका गावात शुद्ध पाण्याचं यंत्र बसवायचं आणि त्यासाठी वरच्या समितीकडून अनुदान आणायचं.

अनुदान मागितलं की मिळतं असं नसतं. आधी क्लब पात्र ठरावा लागतो. डॉक्टर आणि मी अकोल्याला जाऊन दिवसभर प्रशिक्षणात बसलो. चालू आणि पुढच्या अध्यक्षांनी करारावर सह्या केल्या. रक्तदान शिबिराचा रखडलेला अहवाल मी पाठवून दिला. पात्रतेचं पत्र आलं तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना कचोरी खाऊ घातली. प्रशिक्षण देणारा माणूस मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता: काम तुम्ही ठरवायचं नाही, गावानं ठरवायचं. आधी गावात जाऊन बसा, विचारा, मग अर्ज लिहा. अर्जात त्याचा रकानाच होता. सभा कधी झाली, कोण आलं, लोकांनी काय मागितलं. सोबत हजर असलेल्यांच्या सह्या.

मुदतीला चार दिवस उरले आणि तो रकाना कोरा होता.

"एखाद्या दुपारी जाऊन बसू गावात," मी म्हणालो.

"हरभरा काढून राह्यले लोक. कोण येते तुमच्या सभेले?" डॉक्टर म्हणाले. "संक्रांतीले आपल्या घरच्या मंडळींनी तिथं हळदीकुंकू केलं होतं ना? त्याच्या सह्या आहेत. सगळ्या बायाच आहेत, अन् पाणी बायाच भरतात. तुम्ही मराठीचे मास्तर, वर दोन ओळी लिहायले काय जीव जाते का तुमचा?"

सह्या होत्या हे खरं. काही वाटलं की सही घ्यायची, ही आमच्या क्लबची रीत. वाणाची स्टीलची वाटी हातात देतानाही आमच्या बायकांनी वही पुढे केली होती. हळदीकुंकवाचा मथळा पहिल्या पानावर होता. मी ते पान ठेवून घेतलं आणि पुढची दोन काढून अर्जाला जोडली. वर लिहिलं: गावातील महिलांनी सभेत एकमताने शुद्ध पाण्याची मागणी केली.

गावाची मागणी मला माहीत नव्हती, असंही नाही. त्या हळदीकुंकवाच्या दिवशी मी बायकांना गाडीनं घेऊन गेलो होतो. कार्यक्रम अंगणवाडीत चालला होता, मी बाहेर उभा. अंगणवाडीची मदतनीसही बाहेरच होती, पन्नाशीची विधवा बाई, आयांबरोबर आलेली लेकरं सांभाळत. हळदीकुंकवाला तिला कोण आत बोलावणार? अंगणाच्या कडेला सार्वजनिक विहीर होती. ती दाखवून मला म्हणाली, "सर, पानी आहे आमाले. त्या इहिरीले जाळी तेवढी बसवून द्या. कठडा पडला एका अंगानं. मी आत खिचडी पाहू का भाहेर लेकरं पाहू?"

मी मान हलवली होती. अर्ज लिहिताना ती बाई आठवली आणि मी लिहीत राहिलो.

महिन्याभरानं समितीचा फोन आला. एक निवृत्त मुख्याध्यापिका पाहणीला येणार होत्या आणि त्यांना यादीतल्या बायकांशी बोलायचं होतं. डॉक्टर मला म्हणाले, "एक दिवस आधी जाऊन या. समजावून ठेवा. उद्घाटनाले कोणाले बोलवायचं तेही ठरलं आहे." मी गेलो. अंगणवाडीत बायका जमवल्या आणि सांगितलं, कोणी विचारलं तर त्या दिवशी पाण्याची सभा होती म्हणा.

"वाट्या तं वापस नाई मांगणार ना सर?" एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो.

सगळ्या गेल्यावर मदतनीस दारात उभी राहिली. "अन् आमच्या इहिरीचं?"

"हे काम होऊ द्या. मग लगेच पाहतो."

"लिहून देता का?" तिनं थट्टेच्या सुरात विचारलं. मी चप्पल पायात सरकवली.

दुसऱ्या दिवशी पाहणीच्या बाई आल्या आणि सतरंजीवर बायकांच्या बरोबरीनं बसल्या. सभा झाली का? हाव, झाली. पाणी मागितलं का? हाव. डॉक्टर माझ्याकडे पाहून जरासे हसले. बाई यादीवरून बोट खाली नेत होत्या. मग त्यांनी चुलीपाशी उभ्या असलेल्या मदतनीसकडे पाहिलं.

"तुम्ही इथंच काम करता. सभा इथंच झाली. मग यात तुमची सही कशी नाही?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की पाहणीला आलेल्या बाईंच्या कपाळावरही कुंकू नव्हतं. त्यांनी यादी पुन्हा वरपासून वाचायला घेतली. गावात किती घरी विधवा बाया आहेत हे विचारलं असतं आणि त्यातली एकही यादीत नाही हे पाहिलं असतं, तर ती दोन पानं हळदीकुंकवाची आहेत हे कळायला वेळ लागला नसता.

मदतनीसनं माझ्याकडे पाहिलं. पदरानं हात पुसले.

"मी मागून आली, बाई. कागद भरला होता."

"आणि तुम्ही काय मागितलं सभेत?"

तिनं दाराकडे पाहिलं. तिथून, उघड्या दारातून, विहीर दिसत होती.

"पानीच," ती म्हणाली.

बाईंनी यादीवर खूण केली. अनुदान मंजूर झालं, यंत्र बसलं, फीत कापली, आमच्या क्लबच्या नावाची पाटी लागली. जाळीचं मी डॉक्टरांकडे काढलं तर ते म्हणाले, "मंजूर कामाबाहेर अनुदानातून एक खिळा घेता येत नाही. प्रशिक्षणात झोपले होते का?" नियम तसाच होता. पण जाळी मी एकटाही बसवू शकलो असतो. चिखलीच्या वेल्डरला बोललोही. तो म्हणाला, माप आणा. मी माप घ्यायला गेलो नाही. त्या मदतनीस बाईसमोर उभं राहायला नको, एवढंच कारण होतं.

पुढच्या उन्हाळ्यात अंगणवाडीतली चार वर्षांची एक मुलगी त्या पडक्या अंगानं विहिरीत पडली. पाणी गुडघाभर होतं. दोन माणसं दोर धरून उतरली, मुलगी जिवंत निघाली. मांडीचं हाड मोडलं होतं. ती आता एका पायावर भार कमी देऊन चालते.

मी दवाखान्यात गेलो. मदतनीस बाहेरच्या बाकावर होती. गाव तिलाच बोलत होतं, लेकरावर ध्यान नव्हतं म्हणून. तिला कामावरून काढायचं का, याची चौकशी लागली होती.

"तुमाले काय म्हनू सर," ती म्हणाली. "खोटी तं मी बोलली. सरळ इचारलं होतं मले त्या बाईनं. इहीर म्हनली असती तं जाळी आली असती."

ती हे माझ्यावर राग काढून म्हणत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

मी समितीला पत्र लिहिलं, सह्या कशाच्या होत्या ते सांगितलं. आमच्या क्लबची पात्रता गेली. डॉक्टर दोन महिने बोलले नाहीत, आणि बोलले तेव्हा एवढंच: "हरिश्चंद्र व्हायचं होतं तं आमाले विचारून व्हायचं." पण पत्रानं मदतनीसचं काही भागत नव्हतं. म्हणून चौकशीच्या दिवशी मी अंगणवाडीत गेलो. पर्यवेक्षिका होत्या, आया होत्या, ती मुलगी आईच्या मांडीवर होती. विहिरीवर तोवर गावानंच जाळी टाकली होती.

मी उभा राहून सांगितलं. या बाईनं दीड वर्षापूर्वी मला जाळी मागितली होती. मी न झालेली सभा लिहिली. त्यांना खोटं बोलायला मी लावलं, आणि जाळीचा शब्द देऊन पाळला नाही. पर्यवेक्षिका लिहून घेत होत्या. मदतनीस खाली पाहत होती.

मुलीच्या आईनं विचारलं, "मंग तवाच काऊन नाई सांगितलं, सर? ती पाहणीवाली बाई समोर बसली होती तवा?"

बरीच उत्तरं मी वाटेत तयार करून आणली होती. त्यातलं एकही दिलं नाही.

"उद्घाटनाला कोणाला बोलवायचं ते ठरलं होतं," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली, जणू एवढंच तिला कळायचं होतं. मुलीला कडेवर घेतलं आणि माझ्या अंगावरून बाहेर गेली.