नव्या गोळीचा राग

आता हा किस्सा सांगताना माझीच लाज निघणार आहे, तेव्हा हसा. पण चहा सांडू नका म्हणजे झालं.

मला फिट येते हे तुम्हाला ठाऊकच आहे. वर्षातनं दोन-तीनदा. कॉलेजपासूनची जुनी गोळी घेऊन घेऊन हिरड्या अशा सुजल्या की आरशात बघून हसायचंच सोडलं. शेवटी दोन हजार सालच्या आसपास डॉक्टर म्हणाले, "नवीन गोळी आलीय, ती सुरू करू. झोप येईल थोडी. काहींना चिडचिड होते, राग येतो. पंधरा दिवसांनी दाखवा."

राग! आणि मला? अहो, कोल्हापुरात जन्मून उभ्या आयुष्यात मी कुणाला 'अरे' म्हटलं नव्हतं. रिक्षावाला चुकीच्या गल्लीत घेऊन गेला, तर तिथं उतरून चालत घरी येणारा माणूस मी!

गोळ्यांचं सगळं खातं माझ्या बायकोकडं, सुरेखाकडं. जेवण झालं की ती हातावर गोळी ठेवायची आणि मी डोळे मिटून गिळायचो. जुनी पांढरी, नवीही पांढरीच असणार. बघतंय कोण?

दुसऱ्याच दिवशी सकाळी दूधवाला आला. पातेल्यात बघितलं आणि तोंडातनं निघून गेलं, "आरं, एवढं पाणी घालतोस तर मासं तरी सोड की त्यात!"

तो थिजला. मीही थिजलो. आतनं सुरेखा धावत आली. "मनावर घेऊ नगासा, त्यांच्या गोळ्या बदलल्यात." दुसऱ्या दिवशी दुधावर ही जाड साय!

मग काय विचारता! शाहूपुरीत स्पेअर पार्टच्या दुकानात मी काउंटरला. वरच्या फळीवरचा माल काढायचा तर मालक मलाच शिडीवर चढवायचे. त्या दिवशी म्हणालो, "फिट येणाऱ्या माणसाला शिडीवर चढवतासा? पडलो म्हंजे? तुम्ही चढा की!" आणि मालक चढले हो! पोट सावरत, घाम पुसत, स्वतः बेअरिंगचा खोका घेऊन उतरले. गिऱ्हाईक बिचारं पैसे द्यायचं विसरलं.

पण खरा डोंगर पुढं होता. दाजी. माझ्या थोरल्या अक्काचे मालक.

तीन वर्षांपूर्वी दाजी म्हणाले होते, "वसंता, फिटच्या माणसाच्या दारात गाडी नगं. मोह हुतो." आणि काळजीपोटी माझी स्कूटर घेऊन गेले. काळजी एवढी, की परत आणलीच नाही! इकडं सुरेखानं माहेरी गाडी शिकून लायसन काढलं होतं. तरी ती रोज दोन बस बदलून बालवाडीत शिकवायला जात होती, आणि दाजी माझ्या स्कूटरवरनं पानपट्टीला. पण दाजींना बोलायचं कुणी?

रविवारी अक्काकडं मटणाचं जेवण. दाजींनी पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि मी म्हणालो, "दाजी, किल्ली ठेवा."

"कसली?"

"स्कूटरची. फिट मला येती, सुरेखाला न्हाय येत!"

अक्काच्या हातातली पळी पातेल्यात पडली. जावयानं... चुकलो, मेव्हण्यानं दाजींना बोलायचं? तेही त्यांच्याच ताटावर बसून?

सुरेखा हळूच म्हणाली, "दाजी, त्यांच्या गोळ्या..."

"आसं हाय व्हय!" दाजींनी सुटकेचा श्वास सोडला. "मला वाटलं, वसंताच बोलला." आणि खिशातनं किल्ली काढून ताटाशेजारी ठेवली.

गल्लीत बातमी पसरली. शेजारचे तात्या तर विचारायला आले, "त्या गोळीचं नाव काय रं? आमच्या पोराला सुरू करावी म्हणतोय."

सगळे हसत होते. पण खरं सांगू, मी मनातनं घाबरलो होतो. फिट येते तेव्हा निदान मी तिथं नसतो. इथं तर मी शुद्धीवर होतो आणि बोलत होता दुसराच कुणीतरी. ठरवलं, ही गोळी बंद करायची, दाजींच्या पाया पडायचं आणि किल्ली परत द्यायची. सुरेखाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आधी डॉक्टरांना विचारू."

पंधराव्या दिवशी डॉक्टरांपुढं हात जोडले. "डॉक्टर, ही गोळी नको. मी माणसांत राहिलो नाही." दूध, शिडी, दाजी, सगळं सांगितलं. डॉक्टर गंभीरपणे लिहून घेत होते.

तेवढ्यात सुरेखानं पर्समधनं गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. न फोडलेलं.

"ही कालच पुण्यास्नं आली, डॉक्टर. हितं कुठंच मिळंना. तुमच्या कंपाउंडरना फोन केलता. तुम्हाला विचारून ते म्हणाले, येईस्तोवर जुनीच चालू ठेवा. तीच देतोय की रोज."

"मग मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलो.

"सांगणारच हुतो. तेवढ्यात तुम्ही दूधवाल्याला बोललासा. म्हटलं, चाललंय ते चालू दे."

तो फोन डॉक्टरांना आत्ता कुठं आठवला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे हा राग..."

"घरचाच हाय, डॉक्टर."

डॉक्टर एवढे हसले की कंपाउंडर आत डोकावला. मग म्हणाले, "आज रात्रीपासून नवीन सुरू. जुनी लगेच बंद करायची नाही, मी सांगेन तशी. आणि पाया वगैरे पडायची गरज नाही."

बाहेर सुरेखानं स्कूटर काढली. मी मागं बसलो. पहिल्याच वळणावर तिनं गाडी अशी खड्ड्यात घातली, की माझी सुजलेली हिरडी दाताखाली आली.

"अगं, जरा बघून..."

तिनं मान वळवली. "काय म्हणालासा?"

पोटात अजून नवीन गोळी नव्हती. आणि आता ते दोघांनाही माहीत होतं.

"काही नाही," मी म्हणालो, "छान चालवतेस."