ताईची बिनधातूची जोडणी

मी फार बोलत नाही. त्यामुळे लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात आणि किस्से आपोआप साचतात! शाळा सुटली की मी धुळ्यात ताईच्या कॉलेजात, लॅबच्या दारातल्या टेबलावर अभ्यासाला बसते.

ताईची पीएचडी अशी: बेंझिनसारख्या कार्बनच्या दोन कड्या एकमेकींना जोडायच्या. एरवी त्याला पॅलेडियमसारखा महाग धातू लागतो. ताई म्हणते, धातू नकोच. तीव्र बेस, म्हणजे आम्लारी, आणि चिमूटभर सेंद्रिय अ‍ॅडिटिव्ह, बस्स!

*

हवा आत जाऊ नये म्हणून फ्लास्कवर नायट्रोजनचा फुगा लावतात. ताईने फुग्यांची पाकिटंच घेतली. दुकानदार म्हणाला, "वाढदिवस कोणाचा, ताई?"

"फ्लास्कचा."

त्याने टोप्याही दाखवल्या!

*

आबा, म्हणजे आमचे वडील, दोंडाईचाहून आले. "ते अ‍ॅडिटिव्ह काय करस?"

"बंद गाडीला धक्का देतो ना, तसं. बेस आणि ते मिळून इलेक्ट्रॉनचा धक्का देतात. मग गाडी आपली आपण पळते."

"मंग धक्का देनारा कोठे जास?"

ताई म्हणाली, "सरांनीही हेच विचारलंय!"

*

सर म्हणजे ताईचे गाईड. त्यांना धातूचा भारी संशय. चुकून कणभर आत गेला, तर काम त्याचं आणि नाव अ‍ॅडिटिव्हचं! ताईने स्टीलचा चमचा सोडून प्लॅस्टिकचा आणला.

सर म्हणाले, "थिसिस चाललाय की कुल्फी?"

*

एकदा सर म्हणाले, "अ‍ॅडिटिव्ह न घालता करून बघ." तरीही कड्या जोडल्या गेल्या! ताईचं सगळं काम पाण्यात जायची वेळ.

सरांनी ढवळायचा मॅग्नेट उचलला. त्याच्या प्लॅस्टिकच्या आवरणावरच्या ओरखड्यांत काळं काहीतरी बसलं होतं. "हा शेजारच्या टेबलावरचा ना? ते पॅलेडियम वापरतात!"

"उसना घेतला होता, सर."

"मॅग्नेट उसना घ्या हो, धातू कशाला घेता?"

*

मग नवे फ्लास्क, नवे मॅग्नेट. पहिल्यात अ‍ॅडिटिव्ह, दुसऱ्यात नाही. या वेळीही दोन्हींत जोडणी झाली असती, तर ताईचा दावा संपला असता. संध्याकाळी दोन्ही फ्लास्कमधले थेंब लावलेली प्लेट यूव्ही दिव्याखाली धरली; जोडणी झाली असेल, तर तिच्यावर नवा ठिपका दिसतो. पहिल्याचा नवा ठिपका ठळक. दुसऱ्याचा... सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"काहीच नाही!" ते ओरडले, आणि अख्खी लॅब टाळ्या वाजवू लागली.

ताईने रडतरडतच आबांना फोन लावला, स्पीकरवर. "आबा, दुसऱ्या फ्लास्कमध्ये काहीच झालं नाही!"

आबा म्हणाले, "रडू नको, बेटा. घर ये. आपन दुसरं काही देखूत... पन ह्या टाळ्या कोन वाजाडी रायना?"