गिरमिट डॉक्टर आणि समोरचा न्यूरोसर्जन

डॉक्टरकडे किस्से साठतात ते ड्रॉवरमधल्या सॅम्पलच्या गोळ्यांसारखे. कुणी मागितलेले नसतात, पण फेकवत नाहीत. चार मित्र जमले, चहा आला, की ड्रॉवर उघडतोच. माझ्या ड्रॉवरमधले निम्मे किस्से एकाच माणसाचे आहेत. डॉ. सुहास, न्यूरोसर्जन. आणि आधीच सांगून ठेवतो, मला त्याचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, पोटात आग पडायची!

मी जनरल सर्जन. ऐंशीच्या दशकात जळगावात जनरल सर्जन म्हणजे सबकुछ. हर्निया आपला, मूळव्याध आपली, आणि डोकं फुटलं तर डोकंही आपलंच. मोटरसायकलवरून पडलेला पेशंट यायचा. एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, की त्या बाजूला कवटीला भोक पाडायचं आणि साचलेलं रक्त काढायचं. मुंबईला पाठवावं तर माणूस पारोळ्याच्या पुढे जिवंत जायचा नाही. भोक पाडायचं हत्यार हाताने फिरवायचं, अगदी सुताराच्या गिरमिटासारखं.

एकदा अमळनेरचा एक पोरगा असाच वाचवला. त्याचा बाप सुतार. पोरगा शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, भोक कशानं पाडलं? मी मोठ्या रुबाबात हत्यार मागवून दाखवलं. त्याने ते हातात घेतलं, उन्हात धरलं, टोकावरून अंगठा फिरवला.

"साहेब, धार गयी शे. आना इकडे, मी लावी देस!"

तेव्हापासून मी 'गिरमिट डॉक्टर'. नाव काही शोभेचं नव्हतं, पण गावात तेवढं एकच गिरमिट होतं आणि ते माझं होतं. मला त्याचा अभिमान होता.

*

आणि मग सुहास आला. मुंबईत शिकलेला, मेंदू आणि नसा एवढंच करणारा. दवाखाना टाकायला त्याला सगळ्या जळगावात जागा मिळाली ती माझ्या बरोब्बर समोर! पहिल्याच दिवशी पेढे घेऊन आला, वाकून नमस्कार केला. "सर, तुमच्या आशीर्वादाने सुरू करतोय." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्याचं ड्रिल हवेच्या दाबावर चालायचं. बटण दाबलं की भुर्रर्र! माझं पंधरा मिनिटांचं काम त्याचं एका मिनिटात. मी माझ्या खिडकीत उभा राहून त्याच्या दारातल्या चपला मोजायचो. माझ्या दारात नऊ, त्याच्या दारात एकवीस. बायको, सुमन, म्हणाली, "मोजताय कशाला? चपला येतात, चपला जातात. तुमचं काय जातं?"

"डोकी जातात माझी!" मी ओरडलो.

*

त्याने डोक्याचा सीटी स्कॅन करायची पद्धत आणली. तो व्हायचा नाशिकला. फिल्मवर मेंदूचे पंधरा-वीस आडवे छेद, ओळीने मांडलेले. धरणगावकडचा एकजण भावाची अशी फिल्म घेऊन सुहासकडे जायच्या ऐवजी चुकून माझ्याकडे शिरला. मला अशी फिल्म वाचता येत नव्हती, पण ते कबूल कोण करतो! मी ती उजेडाला धरून नुसता "हं, हं" करत होतो. तो माझ्या खांद्यावरून बघत होता, चेहरा पांढराफटक.

"डाक्टरसाब, मन्हा भाऊना डोकान्या इतल्या चकत्या पाड्यात, आते परत जोडतीन कश्या?"

मी म्हटलं, "समोर विचार. पाडल्या त्यांनी, जोडतील तेच!"

तो खरंच समोर गेला. सुहासने म्हणे अर्धा तास त्याला खुर्चीवर बसवून, एक केळं आणून, चिरून, सगळं समजावलं. तेही अहिराणीत. मी अमळनेरचा, माझी आई घरात अहिराणीच बोलायची. पण डॉक्टर झाल्यावर मी ती खुंटीला टांगून ठेवली होती. तो माणूस बाहेर पडला तो हसत, हातात केळं घेऊन. त्या दिवशी मी दोन पेशंटवर उगाच डाफरलो.

*

मेंदूच्या ऑपरेशनला तेव्हा सगळं डोकं भादरायचे. त्यातून एकदा भलताच प्रकार झाला. पारोळ्याकडचा एक शेतकरी, चाळिशीचा, डोक्यात जुनं रक्त साचलेलं. सुहासने ते काढलं, दहाव्या दिवशी माणूस चालत घरी गेला. एस.टी.तून उतरला तो तुळतुळीत गोटा! आपल्याकडे असा गोटा माणूस कधी करतो? बाप गेल्यावर. वेशीवर कुणीतरी पाहिलं, आणि तो घरी पोचायच्या आत गावातल्या बाया पदर तोंडाला लावून त्याच्या दारात हजर. मोठ्याने रडणं सुरू. "आबा, आबा" म्हणून हंबरडे!

आबा ओट्यावर बसून चिलीम भरत होते.

"अरे, मी आठे बसेल शे, जिता शे! कोनले रडी ऱ्हायनात?"

हा किस्सा ऐकून मी दोन दिवस खूश होतो. म्हटलं, झाली फजिती! पण सुहासने काय केलं? घरी जाताना प्रत्येक गोट्याला एक पांढरी टोपी द्यायला लागला. फुकट. मग गावोगाव बोलबाला, "टोपीवालं आपरेशन!" लोक विचारत यायचे, टोपीवालं इथंच होतं ना? मीही चिडून दोन डझन टोप्या आणल्या. घरी आणल्यावर लक्षात आलं, हर्नियाच्या पेशंटला टोपी देऊन काय उपयोग!

*

याच सुमारास माझी कंबर धरली. आधी कंबर, मग कळ डाव्या ढुंगणातून उतरत पायाच्या अंगठ्यापर्यंत. मी काय ते ओळखलं. मणक्यातली गादी सरकून नस दबलेली. ऑपरेशन करताना दोन-दोन तास उभं राहायचं म्हणजे डोळ्यांत पाणी यायचं. सुमन म्हणाली, "समोर जा. वीस पावलं आहेत."

"मेलो तरी जाणार नाही!"

"मरायचं नाही हो त्यानं. लंगडायचं."

मी कमरेला पट्टा बांधला आणि खिडकीतून चपला मोजत राहिलो, आता एका पायावर.

*

असोद्याच्या गोदाक्काचा किस्सा मात्र मला फार लागला. कारण गोदाक्का माझी पेशंट. तीन वर्षं तिच्या उजव्या गालात विजेसारखी कळ यायची. वारा लागला तरी कळ, घास चावला तरी कळ. एस.टी.त बसायची ती गालावर पदर दाबून. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं ते, पण आधी सगळ्यांना दाताचं वाटलं. माझ्या एका दंतवैद्य मित्राने त्या बाजूचे एकेक करत सगळे दात काढले. मग मी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची आणि कळ आली की दचकून उठायची.

एक दिवस खिडकीतून पाहतो तर तिच्या जाड टाचांच्या चपला समोरच्या दारात! सुहासने एक्स-रेवर बघत गालातून सुई घातली, थेट कवटीच्या तळाशी, नसेच्या मुळापर्यंत, आणि तिथे ग्लिसरीनचे थेंब सोडले. टाका नाही, गोटा नाही.

"गिलसरीन?" गोदाक्का म्हणाली. "ते त ओठाले लावतात!"

तिसऱ्या दिवशी तिने भाकरी खाल्ली. पंधरवड्याने टोपलीभर असोद्याची वांगी घेऊन आली, आणि सुहासच्या मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर ती भाजली. सगळ्या गल्लीत भरताचा वास. मी खिडकी लावून घेतली, तर वास दाराखालून आला! थोड्या वेळाने एक वाटी माझ्याकडेही आली, आणि बरोबर निरोप.

"डाक्टरले सांगा, दात होते तव्हा घास नव्हता, आता घास आहे त दात नाही. पन भरताले दात लागत नाही. खाय म्हना सुखानं!"

मी वाटी बोटाने पुसून खाल्ली. पण चांगलं झालंय असं कुणाजवळ म्हटलं नाही.

*

डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये सुहासचं व्याख्यान होतं. स्लाईड्स, टाळ्या, सगळं यथासांग. मी मागे खुर्चीच्या पाठीला धरून उभा. बसलं की कळ यायची. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर मी मुद्दाम हात वर केला. "तुमचं ते हवेवरचं यंत्र ठीक आहे हो. पण जळगाव आहे हे. ऐन ऑपरेशनमध्ये लाईट गेली तर?"

"तर सर, तुम्हाला हाक मारणार," तो म्हणाला. "तुमच्या हाताला लाईट लागत नाही."

अख्खा हॉल हसला. मीही दात काढले. त्याने कौतुक केलं की टोपी उडवली, हेच मला रात्रभर कळेना. कौतुक असलं तर जास्तच वाईट! घरी आलो, जेवलो नाही. सकाळी उठून चालायला लागलो तर डावी चप्पल मागेच राहिली. पुन्हा घातली, पुन्हा निसटली. पाऊल वर उचलतच नव्हतं.

सर्जनला याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. नस मरायला लागली होती. आता उशीर केला तर पाय कायमचा लटकणार, आणि लटक्या पायाने टेबलाशी उभं राहणं संपलं. वय होतं त्रेपन्न.

*

आता शेवटचा.

धुळ्याचा माझा एक फिजिशियन मित्र फोनवर म्हणाला, "आमच्याकडे दर गुरुवारी बाहेरून एक न्यूरोसर्जन येतो. हात सोन्यासारखा. येऊन जा, तुझ्या गावात कुणाला कळणार नाही." मी नाव विचारलं नाही. बाहेरून म्हणजे नाशिकहून, असं धरून चाललो. गाडी काढली नाही, ओळखली जाईल म्हणून. गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि एस.टी.ने निघालो. एरंडोल, पारोळा, प्रत्येक खड्ड्याला आईची आठवण. दवाखान्याच्या केसपेपरवर नाव लिहिलं नारायण पाटील. धंदा, केळीची शेती. मुक्काम चोपडा.

नंबर आला. आत गेलो. टेबलामागे सुहास!

त्याचा दवाखाना गुरुवारी बंद असतो हे मला चांगलं ठाऊक होतं. मी समजत होतो, दत्ताचा उपास करत असेल!

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग केसपेपर पाहिला. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

"या, नाना. कव्हयपासून दुखस?"

"चार महिने," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

"यंदा केळीवर करपा पडला म्हणे तुमच्याकडे?"

"पडला. थोडा-थोडा."

त्याने मला टाचांवर चालायला लावलं. डावी टाच धरेना, मी कडेला कोलमडलो. त्याने पुढे होऊन धरलं. टेबलावर झोपवून पाय वर उचलला, अंगठा दाबून पाहिला, टाचणीने टोचून पाहिलं. इतक्या सावकाश, इतक्या नीट मला आजवर कुणी तपासलं नव्हतं. आणि मी पडल्या पडल्या मनात म्हणत होतो, मेल्या, हेही तुला चांगलंच येतं!

मग त्याने मला हात देऊन उठवलं, स्वतः वाकून माझ्या डाव्या पायात चप्पल घातली आणि खुर्ची जवळ ओढली.

"नाना, ऑपरेशन लागेल. याच आठवड्यात. मी जळगावला करीन. पण माझी एक अट आहे. तिथे माझ्या दवाखान्यासमोर एक जुने सर्जन आहेत. त्यांना हा कागद दाखवा. ते हो म्हणाले, तरच मी तुमच्या पाठीला हात लावीन."

मी विचारलं, "आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर पाय जाईल," तो म्हणाला. "तुम्हीच समजावा त्यांना. माझं ते ऐकत नाहीत."

मी कागदाची घडी खिशात घातली. म्हटलं, "विचारून सांगतो."

तुम्हाला म्हणून सांगतो, तो म्हातारा असला हेकट, त्याला हो म्हणायला लावता लावता माझे तीन दिवस गेले!