आमच्या वॉर्डातला लंगोटांचा काटा

आमच्या विभागातले चार जुने डॉक्टर एका टेबलाशी जमले की पाचव्याचं जेवण राहिलंच समजा! माझा नवरा तर माझ्या मित्रांना हल्ली चहापुरतंच बोलावतो. पण यात आमचा काय दोष? आमचं सगळं संशोधन तान्ह्या मुलांच्या किडनीवर, म्हणजे शेवटी लघवीवर. मग किस्से काय अत्तराचे सांगणार?

शहर तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी शिकाऊ डॉक्टर होते. विभागप्रमुख बोर्डे सर. त्यांचा खळ घातलेला पांढराशुभ्र ॲप्रन चालताना चक्क वाजायचा. दुसऱ्याच्या ॲप्रनवर साधा चहाचा ठिपका दिसला तरी ते एकच शब्द बोलायचे, "बाहेर!"

एकदा एक विद्यार्थी ॲप्रन उलटा घालून आला.

"हे काय?" सर म्हणाले.

"सर, डाग आत गेलाय."

"छान! आता तुम्ही बाहेर जा."

*

तान्ह्या बाळाला बाटलीत कर म्हणून सांगता येत नाही. म्हणून आमच्याकडे ओला लंगोट काट्यावर ठेवायचा, कोरड्याचं वजन त्यातून वजा करायचं, की लघवी किती झाली ते कळायचं. सगळा वॉर्ड त्या काट्याभोवती फिरायचा. सकाळी भेटलो की गुड मॉर्निंग वगैरे कोणी म्हणत नसे. "रात्रीत किती झाली?" हाच आमचा नमस्कार.

लग्नानंतर सासरची पहिली सकाळ. सासरे गॅलरीत पेपर वाचत बसले होते. मी डोक्यावर पदर घेऊन चहा ठेवला आणि अदबीनं विचारलं, "बाबा, रात्रीत किती झाली?"

त्यांनी पेपर खाली केला, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "तीनदा उठलो."

*

तुलनेसाठी आम्हाला धडधाकट बाळंही लागायची. गारखेड्याच्या एक बाई आपलं गुटगुटीत लेकरू घेऊन आल्या. लंगोट काट्यावर चढला तशा त्या पुढं सरकल्या.

"डॉक्टर, आमच्या शेजारणीच्या पोराची किती भरली होती?"

"ते सांगता येत नाही हो."

"अंदाजे सांगा की! याला कालपासून लई पाजलंय मी!"

जाताना त्यांनी दारातून विचारलं, "रिझल्ट कधी लागतो?"

*

आणि मग समीर. हर्सूलचं सात महिन्यांचं पोर. जुलाबांनी पार सुकून आलं होतं आणि किडनीनं काम थांबवलं होतं. लघवीचा थेंब नाही. पोटात नळी घालून डायलिसिस चालू केलं. आता लघवी सुरू झाली तर पोर वाचणार होतं. त्याची आई स्वतः तापानं फणफणलेली, म्हणून नानी त्याच्या उशाशी बसून असायची. मला त्या पोराचा इतका लळा लागला होता की रोज सकाळी त्याचा कोरडा लंगोटही मी दोन-दोनदा काट्यावर ठेवून बघायचे.

एका सकाळी लंगोट ओला! नुसता ओला नाही, चिंब. काटा असा वर गेला की मी ओरडलेच. सर धावत आले, आकडा पाहिला आणि पहिल्यांदाच आमच्यासमोर हसले. कोणीतरी पेढे आणायला निघालंसुद्धा.

नानी गोंधळून आमच्याकडं बघत होती. "साब आनेवाले बोलके मैं धोके डाली ना! सूखाच नहीं."

पेढे आणायला निघालेला दारातूनच मागं फिरला. आपलं काय चुकलं ते कळल्यावर नानी रडायला लागली. मलाही रडू आलं. सर तिच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "नानी, इसके आगे धोना मत."

त्यानंतर लंगोट पुन्हा रोज कोरडाच. नानी आमच्याशी बोलेनाशी झाली.

मग एकदा राउंडला सर समीरवर वाकले. स्टेथोस्कोप छातीला लावायचा म्हणून लंगोट सोडलेला. तेवढ्यात अशी धार उडाली की सरांचा ॲप्रन कॉलरपासून खिशापर्यंत भिजला!

आम्ही दगडासारखे उभे. "माफ करो साब!" म्हणत नानी ओढणीनं पुसायला धावली.

"हात लावू नका कोणी!" सर गरजले. त्यांनी तो ॲप्रन अलगद काढला आणि माझ्या हातात दिला. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघता काय? वाळायच्या आत वजन करा!"

मी काट्याकडं पळाले. मागून नानीचा आवाज आला, "अगे डॉक्टरनी, अब तू मत धो डालना!"